ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

वाचकाचं पत्र: "बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आणि माझे पती १४ खाटांचं रुग्णालय चालवतो. मी प्रसूती बघते, ते जनरल. सहा महिन्यांपूर्वी आम्ही सॉफ्टवेअर घेतलं. खिडकीवरची मुलगी प्रत्येकाकडून आधार मागते आणि आभा, म्हणजे सरकारी आरोग्य क्रमांक, काढते. म्हातारी माणसं कुरकुर करतात, काही जण खिडकीवरूनच परत फिरतात. त्यातच गेल्या महिन्यात एका पेशंटचा गर्भधारणेचा रिपोर्ट व्हॉट्सॲपने तिच्या दिराच्या मोबाइलवर गेला, कारण केस पेपरवर नंबर त्याचाच होता. तिने घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती आलेली नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, डेटा क्लाउडवर आहे, एकदम सेफ. हे सगळं बंद करून आम्ही पुन्हा कागदावर जावं का?"

उत्तर:

डॉक्टर, कागदावर परत जाऊ नका. पण आत्ता चाललंय तसंही चालू ठेवू नका. तुमच्याकडचा रिपोर्ट कुणी हॅकरने चोरला नाही. तुमच्याच माणसाने, तुमच्याच नोंदीतल्या नंबरवर, रोजच्या पद्धतीने पाठवला. क्लाउड कितीही सुरक्षित असला तरी हा रिपोर्ट दिराकडेच गेला असता. तुमची गळती केस पेपरवरच्या 'मोबाइल नंबर' या एका रकान्यात आहे आणि दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची आहे.

त्याआधी त्या बाईंचं बघू. केस पेपरवरच्या नंबरवर फोन करू नका, तो दीरच उचलेल. चिठ्ठी पाठवू नका, आशाताईंच्या हाती निरोप देऊ नका. गावात आशाताई कुणाच्या दारात थांबल्या हे सगळ्यांना दिसतं. त्यांचा स्वतःचा वेगळा नंबर तुमच्याकडे नसेल तर त्या कुठल्याही कारणाने येतील तेव्हा भेटायचं. त्यासाठी त्यांच्या नोंदीवर फक्त तुम्हा दोघांना दिसेल अशी खूण ठेवा: 'आल्यास थेट डॉक्टरांकडे, खिडकीवर काही विचारू नये.' भेटल्यावर दार लावून, एकटीशी बोला. कोणता रिपोर्ट, कोणत्या दिवशी, कुणाच्या फोनवर गेला हे सांगा आणि चूक रुग्णालयाची आहे हे शब्दांत म्हणा. 'सिस्टिममुळे झालं' म्हणू नका. दिराला फोनवरून रिपोर्ट काढून टाकायला सांगायचं की नाही, हे त्या ठरवतील. तुम्ही परस्पर बोललात तर दुसऱ्यांदा तेच घडेल. घरी त्रास सुरू झाला असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्याचं सखी केंद्र सांगा, पण नंबर कागदावर लिहून देण्याआधी तो कागद घरी नेणं चालेल का ते विचारा. तुमच्याविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, हेही तुम्हीच सांगा. ते सांगायला जड जाईल, पण विश्वास परत येण्याची काही शक्यता असेल तर ती या मोकळेपणातूनच आहे.

आता रकाना. आपल्याकडे मोबाइल नंबर हा माणसाचा नसतो, बऱ्याचदा घराचा असतो. रिचार्ज असलेला फोन ज्याच्याकडे, त्याचा नंबर केस पेपरवर येतो: नवरा, मुलगा, दीर, कधी शेजारी. सॉफ्टवेअर मात्र 'हा नंबर म्हणजे ही व्यक्ती' असं धरून चालतं. त्यामुळे नोंदणीत एकाऐवजी दोन रकाने करा. पहिला 'निरोपाचा नंबर', तो कुणाचाही असो. दुसरा 'रिपोर्ट कसा द्यायचा', त्यात तीनच पर्याय: हातात, स्वतःच्या फोनवर, किंवा पेशंटने नाव घेऊन सांगितलेल्या माणसाच्या फोनवर. पेशंटने काहीच सांगितलं नाही तर आपोआप 'हातात' हाच पर्याय लागू व्हायला हवा. सॉफ्टवेअरमध्ये असा रकाना नसेल तर कंपनीकडून करून घ्या. 'शेरा'च्या चौकटीत लिहून भागणार नाही, कारण रिपोर्ट पाठवण्याच्या पडद्यावर तो शेरा दिसतच नाही आणि घाईत पाठवणारा तो उघडून बघणार नाही.

हा प्रश्न खिडकीवर विचारू नका. खिडकीशी सासू उभी असते, मागे सहा माणसांची रांग असते, तिथे कुठली बाई 'यांना कळू देऊ नका' म्हणणार? वजन आणि बीपी घेताना सिस्टर पेशंटजवळ एकट्या असतात, प्रश्न तिथे. बरोबर आलेल्या माणसाला त्या वेळी केस पेपर घेऊन खिडकीवर पाठवा, म्हणजे 'तुम्ही बाहेर थांबा' असं म्हणायची वेळ येत नाही. सिस्टरना शब्द ठरवून द्या: "ताई, रिपोर्ट आला की हातात देऊ का फोनवर पाठवू? फोन तुमचाच का? त्याला घरातलं आणखी कुणी हात लावतं का?" तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वतःचा फोन असलेल्या कित्येक बायकांचा फोन रात्री मुलांच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात असतो. प्रत्येक नव्या गरोदरपणात आणि एरवी दर सहा महिन्यांनी हे पुन्हा विचारा. सिम बदलतं, घरातली परिस्थितीही बदलते.

काही रिपोर्ट फोनवर जायचेच नाहीत, पेशंटने 'चालेल' म्हटलं तरी एकदा समोर बसवून बोलल्याशिवाय नाहीत. गर्भधारणा, गर्भपाताशी संबंधित काहीही, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), हिपॅटायटिस बी, वीर्यतपासणी, मानसोपचाराची कागदपत्रं, क्षयरोगाची थुंकी तपासणी. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये या तपासण्यांच्या नावांवर 'ऑटो सेंड बंद' अशी खूण करता येते. ती एकदा बसून करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पीडीएफला पासवर्ड लावला की झालं, असं कंपनी सांगेल. तो पासवर्ड बहुधा नावाची चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. ज्याच्यापासून लपवायचं तो घरचाच माणूस, त्याला दोन्ही पाठ असतं. हा उपाय अनोळखी माणसापुरता ठीक, घरच्यांपुढे निरुपयोगी.

रिपोर्टइतकंच आठवणीच्या संदेशांकडेही बघा. 'उद्या आपली एएनसी तपासणी आहे', म्हणजे गरोदरपणातली तपासणी, हा मेसेज रिपोर्टइतकंच बोलून जातो. रुग्णालयाच्या नावात 'प्रसूतिगृह' असेल तर नुसतं पाठवणाऱ्याचं नावही पुरे. मजकूर इतकाच ठेवा: 'उद्या सकाळी १० वाजता ठरलेली भेट.' खाली रुग्णालयाच्या पूर्ण नावाऐवजी आडनाव-डॉक्टर एवढंच. बिलाचा मेसेज जात असेल तर त्यात तपासणीचं नाव छापलं जातं का, तेही तपासा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते जातं.

लॅबशी व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तो आजच बंद करा. ग्रुपमध्ये आठ-दहा माणसं असतात, सोडून गेलेला टेक्निशियन त्यात तसाच राहतो, आणि आलेला प्रत्येक फोटो आपोआप दहा फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो. तिथून तो कर्मचाऱ्याच्या मुलाच्या हातातही जातो. रिपोर्ट लॅबच्या सॉफ्टवेअरमधून थेट तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये यावा. ते जमेपर्यंत रुग्णालयाच्या मालकीचा एकच फोन त्यासाठी ठेवा: स्क्रीन लॉक असलेला, मीडिया ऑटो-डाउनलोड बंद केलेला, रात्री कपाटात जाणारा. पाठवणाऱ्याने पाठवण्याआधी पेशंटचं पूर्ण नाव, केस पेपर क्रमांक आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे जुळवायचे. यातला एक जरी जुळला नाही तर पाठवायचं नाही, प्रिंट काढून ठेवायची.

आता आभाकडे वळू. तुमच्या खिडकीवरून माणसं परत जातात त्याला कारण आहे आणि ते कारण बरोबर आहे. बँक, पोलीस, रेडिओ, सगळे गेली काही वर्षं सांगतायत की ओटीपी कुणाला सांगू नका. आणि तुमच्या खिडकीवरची मुलगी पहिलंच वाक्य बोलते, "आजोबा, नंबर आला असेल बघा, तो सांगा." परत फिरणारा आजोबा अडाणी नाही. त्याने शिकवलेलं लक्षात ठेवलं आहे.

आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, १४ आकडी क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालं, त्याचा हा पाया. क्रमांक फुकट आहे आणि ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तरीही खिडकीवर सक्ती होते, कारण सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने तो रकाना अनिवार्य करून ठेवलेला असतो, किंवा मुलीला दिवसाला इतके आभा काढ असं सांगितलेलं असतं. १ जानेवारी २०२३ पासून डिजिटल हेल्थ इन्सेन्टिव्ह योजनेत आभाला जोडलेल्या नोंदींच्या संख्येवर रुग्णालयांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना पैसे देण्यात आले, त्यामुळे आकडा वाढवण्यात कंपनीचा स्वतःचा फायदा होता. तुमच्या कंपनीला याबद्दल सरळ विचारा. आणि खिडकीवरच्या मुलीचं काम आभाच्या संख्येवर मोजणं आजपासून बंद करा.

आधी तो रकाना ऐच्छिक करून घ्या. तपासायची रीत सोपी: तुमच्यासमोर एक नवी नोंदणी फक्त नाव, वय, गाव आणि निरोपाच्या नंबरवर पूर्ण करून दाखवा म्हणावं. अडली, तर रकाना अजून अनिवार्यच आहे.

मग बोलण्याचा क्रम बदला. आधी केस पेपर काढायचा, पेशंट आत जाऊन यायचा, आणि आभाची गोष्ट शेवटी, औषधं घेऊन तो शांत झाल्यावर. शब्द असे असू शकतात: "आजोबा, सरकारी आरोग्य नंबर काढायचा का? नाही काढला तरी इथली ट्रीटमेंट तशीच मिळेल. काढला तर तुमचे रिपोर्ट तुमच्या परवानगीने दुसऱ्या गावच्या डॉक्टरला फोनवर बघता येतील. पैशाचा, बँकेचा याच्याशी काही संबंध नाही. पाहिजे तर घरी विचारून पुढच्या वेळी सांगा." शेवटचं वाक्य वगळू नका. घरी विचारायला वेळ दिला की माणसाला कळतं इथे घाई नाही, आणि फसवणूक नेहमी घाईतच होते हे लोकांना पुरतं माहीत आहे.

तो हो म्हणाला तर ओटीपीचा मेसेज त्याला वाचून दाखवा, कुणाकडून आलाय आणि कशासाठी ते. आकडे मुलीला सांगायला लावू नका. कीबोर्ड नाहीतर टॅब त्याच्यापुढे सरकवा आणि त्यालाच दाबू द्या. हात थरथरत असेल तर त्याच्यासोबतच्या माणसाने दाबावेत. आधारचा ओटीपी १० मिनिटं चालतो, तेवढा वेळ भरपूर आहे.

इथेच त्या दिराच्या मोबाइलचा प्रश्न पुन्हा येतो आणि तो जास्त गंभीर होतो. आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि तो नंबर कित्येकदा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा असतो. आभा काढताना पुढच्या पायरीवर 'संपर्कासाठी मोबाइल' वेगळा विचारतात. मुली घाईत तोच नंबर पुन्हा टाकतात. त्या पायरीवर थांबून बाईचा स्वतःचा नंबर टाका. तो वेगळा असला तर त्यावर पडताळणीचा दुसरा ओटीपी येतो, एवढंच जास्तीचं काम. हे चुकलं तर पुढे परवानगी मागणारे संदेश भलत्या फोनवर जातात, आणि त्या फोनवरून आभाच्या ॲपमध्ये शिरणाऱ्याला त्या नंबराला जोडलेली खाती दिसू शकतात. म्हणजे संमती बाईची, पण बटण दुसऱ्याच्या हातात. जिचा स्वतःचा नंबर नाही तिचा आभा आज काढू नका.

तीन गोष्टींची गल्लत मात्र रोज होते, ती खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा. आभा हा नुसता नोंदींचा क्रमांक आहे, त्याने पाच लाखांचे उपचार मिळत नाहीत. आयुष्मान कार्ड प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं आहे, त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना राज्याची आहे. 'फुकट ऑपरेशनसाठी' म्हणून कुणी आभा काढला असेल तर पुढे ऑपरेशनच्या वेळी त्याचा संताप तुमच्यावरच निघणार.

आधारच्या झेरॉक्स गोळा करणं थांबवा. आधी जमलेल्या असतील तर त्या बारीक कापून नष्ट करा, रद्दीत देऊ नका. रद्दीतल्या केस पेपरांच्या पुड्यांमध्ये शेंगदाणे बांधले जातात, हे आपल्याकडे नवीन नाही. ओळखीचा पुरावा लागलाच तर आधारचे शेवटचे चार आकडेच दिसणारी झाकलेली प्रत चालते.

एक धोका तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्याकडे तो नक्की असणार. सॉफ्टवेअर माणसं ओळखतं ती नाव आणि जन्मतारखेवरून. आपल्या भागात शाळेत नाव घालताना १ जून लिहिलेली पिढी अजून तुमच्या ओपीडीत येते, आणि ज्यांची तारीख कुणालाच माहीत नव्हती त्यांच्या आधारवर १ जानेवारी आहे. त्यामुळे एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या, एकाच 'वाढदिवसाच्या' तीन सुनीता निघतात, आणि पडद्यावर 'दुबार नोंद आहे, एकत्र करायची का?' असा प्रश्न येतो. मुलगी हो दाबते. मग एकीची पेनिसिलिनची ॲलर्जी दुसरीच्या नावावर जाते आणि पहिलीच्या नावावरून पुसली जाते. नोंदी एकत्र करण्याचा अधिकार फक्त तुम्हा दोघांपैकी एकाकडे ठेवा. ओळखीला वडील किंवा पतीचं नाव, गाव-वस्ती आणि जुना केस पेपर क्रमांक, असे तिन्ही जुळवा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं माहेरचं नावही वेगळ्या रकान्यात घ्या.

'डेटा क्लाउडवर आहे' याचा अर्थ नीट समजून घ्या. आभाच्या रचनेत पेशंटचे रिपोर्ट दिल्लीत एका जागी साठत नाहीत. ते जिथे तयार झाले तिथेच राहतात, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर. दुसऱ्या डॉक्टरने मागितले तर पेशंटच्या ॲपवर विनंती येते: कोणत्या कामासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि परवानगी कधी संपणार. पेशंट यातलं काहीही कमी करू शकतो आणि दिलेली परवानगी मागेही घेऊ शकतो. ही रचना चांगली विचार करून केलेली आहे. पण तिचं एक टोक तुमच्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, म्हणून प्रश्न त्या कंपनीला विचारायचे, आणि उत्तरं तोंडी न घेता करारात घ्यायची.

पेशंटच्या नोंदी तुमच्या कंपनीतली कोण माणसं उघडू शकतात? बिघाड झाला की तुमचा माणूस दुरून आमच्या संगणकात शिरतो, तेव्हा पडद्यावर काय उघडं असतं आणि त्याची नोंद राहते का? नावं काढून का होईना, आमचा डेटा तुम्ही कुणाला विकता किंवा देता का? आम्ही तुम्हाला सोडलं तर सगळ्या नोंदी उघडता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत देणार आणि तुमच्याकडच्या प्रती कधी पुसणार? गळती झाली तर आम्हाला किती तासांत कळवणार? हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. 'काळजी करू नका मॅडम' असं उत्तर येणाऱ्या प्रश्नाखाली लाल रेघ ओढा.

बॅकअप आहे म्हणणं पुरेसं नाही. महिन्यातून एका दुपारी कंपनीला सांगा, परवाच्या बॅकअपमधून या केस पेपर क्रमांकाची नोंद दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा. पहिल्याच खेपेला बऱ्याचदा काहीतरी निघतंच: बॅकअप तीन महिन्यांपासून बंद, किंवा नोंदी आल्या पण सोनोग्राफीची चित्रं नाहीत. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागण्याचा) हल्ला झाला तेव्हा एवढी मोठी संस्था कित्येक दिवस हाताने कागदावर चालवावी लागली. तुमच्याकडे वीज आणि नेट जाणं हेच पुरेसं आहे. वेगळ्या क्रमांक-मालिकेचे ५० छापील केस पेपर, रिकामं प्रिस्क्रिप्शन पॅड आणि ॲलर्जी असलेल्या नेहमीच्या पेशंटची महिन्याला ताजी केलेली यादी एका फाइलमध्ये ठेवा. ही फाइल कुलपात, किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे.

रुग्णालयाच्या आतली शिस्त कंटाळवाणी आहे, पण बहुतेक गळती तिथेच होते. प्रत्येकाचा स्वतंत्र लॉगिन हवा. सगळ्यांचा एकच 'ॲडमिन' आणि एकच पासवर्ड असेल तर चुकीचा रिपोर्ट कुणी पाठवला हे कधीच कळणार नाही, आणि संशय सर्वांत गरीब कर्मचाऱ्यावर येईल. खिडकीवरच्या मुलीला नाव, नंबर, बिल दिसावं. निदान दिसू नये. दोन मिनिटं हात लागला नाही की पडदा बंद व्हावा. पडदा रांगेकडून दिसत असेल तर टेबल फिरवा. आणि तुम्ही स्वतः आठवड्यातून एकदा कोणी कोणाची नोंद उघडली याची यादी बघा. गावातल्या माणसाची नोंद गावातलाच कर्मचारी उगाच उघडून बघतो, हे प्रकार मुंबईच्या मोठ्या रुग्णालयापेक्षा तुमच्याकडे जास्त होणार, कारण तुमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात.

गर्भपाताच्या नोंदींना याहून कडक नियम आहे आणि तो तुम्हाला माहीत आहे: बाईचं नाव फक्त प्रवेश-रजिस्टरमध्ये, बाकी केस शीट, ऑपरेशनचं रजिस्टर, फॉलोअप कार्ड, सगळ्यांवर नुसता अनुक्रमांक, संमतीपत्र 'गोपनीय' लिहिलेल्या बंद पाकिटात. हा नियम कागदाच्या काळातला आहे, पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी शिकावा असा आहे. या नोंदी सर्वसाधारण सॉफ्टवेअरमध्ये नावानिशी भरल्या जात असतील तर त्या आजच थांबवा.

तुमच्या खोलीतल्या संगणकाचा पडदाही बघा. डॉक्टर टाइप करत राहिले की पेशंट पाठमोऱ्या माणसाशी बोलल्यासारखा बोलतो आणि निम्मं गिळतो. पडदा टेबलाच्या कडेला, दोघांना दिसेल असा तिरपा ठेवा. पहिली दोन मिनिटं हात कीबोर्डवर नकोत. लिहून झालं की मराठीत वाचून दाखवा: "तुम्ही सांगितलंत, चक्कर तीन दिवसांपासून, सकाळीच. बरोबर?" यात अर्धा मिनिट जातो आणि चुका तिथेच सापडतात. यादीतून औषध निवडताना शेजारचं नाव दाबलं जाणं आणि डोसाची वेळ आपोआप भरली जाणं, या दोन चुका सॉफ्टवेअरने नव्याने आणल्या. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. सॉफ्टवेअर 'रोज एकदा' भरून टाकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तुमच्या पतींच्या ओपीडीत अशी जी पाच-सात औषधं असतील त्यांची आपोआप भरली जाणारी वेळ काढून टाका, वार हाताने लिहावा लागू दे.

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात चुकून दुसऱ्याच्या हाती माहिती जाणं ही सुद्धा गळतीच धरली आहे. संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली हवी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. नोंदणीच्या फॉर्मखालची बारीक इंग्रजी ओळ यात बसत नाही. पण पेशंटने 'माझं सगळं पुसा' म्हटलं तर खरं सांगा: आंतररुग्णाच्या नोंदी २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवाव्याच लागतात. आभाची जोडणी आणि मेसेजचा नंबर लगेच काढता येतो. आणि पेशंटने स्वतःचे कागद मागितले तर त्याच संहितेप्रमाणे ७२ तासांत द्यायचे असतात. तुम्ही ते त्याच दिवशी द्या.

गेल्या सहा महिन्यांत न सांगता काढलेल्या आभांची यादी सॉफ्टवेअरमधून काढा. प्रत्येकाला फोन करत बसू नका, त्याने घबराट होईल. पुढच्या भेटीत सिस्टरनी सांगावं: "मागच्या वेळी तुमचा आरोग्य नंबर काढला होता, तेव्हा नीट सांगितलं नव्हतं. हा तो नंबर. ठेवायचा का?" ठेवायचा असेल तर संपर्काचा मोबाइल स्वतःचा करून द्या. नको असेल तर त्यांच्याच लॉगिनमधून खातं बंद करता येतं किंवा कायमचं काढता येतं. तिथेच बसवून मदत करा. अडलं तर १४४७७ ही हेल्पलाइन आहे.

एवढा उपद्व्याप कशासाठी, हे तुमच्या भागात तुम्हाला आम्ही सांगायला नको. दिवाळीच्या आसपास तुमच्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोयता घेऊन कोल्हापूर, सांगलीकडे, कर्नाटकात निघतात. त्यात पाचव्या-सहाव्या महिन्याच्या बायका असतात. एखादीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर २८व्या आठवड्यातलं अँटी-डीचं, म्हणजे आई-बाळाच्या रक्तगटाच्या विरोधापासून जपणारं, ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांतलं दुसरं, ही दोन्ही तुमच्या हद्दीबाहेर पडणार. तिथल्या डॉक्टरला ती कोण, हे माहीत नसतं. अशा बाईला आभाचा खरा उपयोग आहे, आणि तिला तो एका वाक्यात समजतो. सप्टेंबरपासून एएनसीला येणाऱ्या, जायचं ठरलेल्या बायकांची वेगळी यादी करा. त्यांना आधी विचारा, स्वतःच्या नंबरवर आभा काढा, रक्तगट, हिमोग्लोबिन, शेवटची सोनोग्राफी आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख जोडा. तळावर नेट नसेल, फोनची बॅटरी गेलेली असेल, म्हणून हेच सगळं माता-बाल संरक्षण कार्डावर हाताने लिहा आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. रक्तगट लाल शाईत, कार्डाच्या पहिल्या पानावर.